गोमुखी खोलीतला सूर

आपल्याकडे घराच्या आकारालाही नावं आहेत. पुढून अरुंद आणि मागे रुंद ते गोमुखी, पुढून रुंद आणि मागे निमुळतं ते व्याघ्रमुखी. गोमुखी राहायला चांगलं, व्याघ्रमुखी दुकानाला, असं जुनी माणसं सांगतात. आवाजाला यातलं कोणतं चांगलं, हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. घरातल्या बाईला मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून गाणं रेकॉर्ड करायचं असेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार होतं?

आता येतं. अहिराणी गाणी मोबाइलवर लाखोंनी ऐकली जातात. त्यातली कितीतरी धुळे, जळगाव, अमळनेर, चोपडा, शिरपूर अशा ठिकाणी, घरातल्याच एखाद्या खोलीत तयार होतात. कुणी भजनं करतं, कुणी मुलांच्या गोष्टी वाचतं, कुणी शिकवणीचे धडे. माइक पूर्वीसारखा महाग राहिलेला नाही, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मग पहिलं गाणं रेकॉर्ड होतं, घरातले सगळे गोळा होऊन ऐकतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आवाज आपलाच, पण विहिरीत वाकून गायल्यासारखा. दोष माइकला दिला जातो. दुकानदार जास्त किमतीचा माइक दाखवतो. बहुतेक वेळा दोष खोलीचा असतो, आणि खोली काही बदलून मिळत नाही.

त्यातून आपल्या खोल्या! धुळ्याच्या जुन्या गल्ल्या नंबराच्या, इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीला सरळ रेषेत आखलेल्या. पण त्या सरळ गल्लीतल्या घरात शिरलं की भावाभावांच्या वाटण्यांनी काय काय कोन काढलेले दिसतात. जुन्या जळगावातही तेच. एका भिंतीला जिना चिकटलेला, दुसरी शेजाऱ्याच्या हद्दीप्रमाणे तिरकी, एक कोपरा मोरीसाठी कापलेला. स्टुडिओ कसा करावा हे सांगणाऱ्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत खोली नेहमी चौकोनी असते. लांबी, रुंदी, उंची मोजा, सूत्रात घाला. आमच्या खोलीला पाच भिंती आहेत हो, त्यातली रुंदी कोणती धरू?

या प्रश्नाचं निम्मं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने शोधलं, आणि तेही गाद्यांच्या मदतीने. म्हणून त्याची हकीकत जरा सविस्तर सांगते.

१८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधून झालं होतं. दिसायला छान, पण आत बोललेलं काही कळेना. एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तोवर बोलणारा पुढचं वाक्य संपवून मोकळा. हे निस्तरायचं काम वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे आलं. पदार्थविज्ञान शिकवायचा, वय सत्तावीसच्या आसपास. त्याने काय केलं, तर जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांवरच्या गाद्या उचलून आणल्या. रात्री, रस्ते शांत झाल्यावर, तो ऑर्गनची एक नळी वाजवायचा, बंद करायचा आणि आवाज कानाला ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. मग आणखी थोड्या गाद्या आत. पुन्हा नळी, पुन्हा वेळ. सकाळी गाद्या परत जागेवर. असं रात्रीमागून रात्र. पुढे त्याच्या लक्षात आलं की आपल्या अंगावरच्या कपड्यांनीसुद्धा मोजणीत फरक पडतो, तेव्हा मोजताना तो रोज तेच कपडे घालू लागला. (हे वाचून त्याच्या घरच्यांची मला फार काळजी वाटली.)

यातून १८९८ पर्यंत जे सूत्र हाती आलं, त्याच्या आधारावर बोस्टनचं सिंफनी हॉल उभं राहिलं. १९०० साली उघडलेलं ते सभागृह आजही जगातल्या उत्तम सभागृहांत गणलं जातं. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. सॅबाइनच्या सूत्रात खोलीचा आकार येतच नाही. खोलीत हवा किती मावते आणि आतल्या वस्तू आवाज किती पितात, एवढ्या दोनच गोष्टी त्यात आहेत. गोमुखी असो, व्याघ्रमुखी असो, जिन्याखालची असो, हिशेब तोच.

आणि शोषण मोजायचं माप काय ठरवलं? उघडी खिडकी! उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणजे एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे शोषणाचा एक पूर्ण एकक. बाकी सगळ्या वस्तू या खिडकीच्या तुलनेत. गिलावा केलेली भिंत किंवा फरशी शंभरातले दोन-तीन भाग पिते, बाकी सगळं तोंडावर परत फेकते. जाड कापसाची गादी मधल्या आणि वरच्या सुरांचे शंभरातले सत्तर-ऐंशी भाग पिते. एक माणूस साधारण चार-पाच चौरस फूट उघड्या खिडकीएवढा. लग्नाचा हॉल रिकामा असताना माइक टेस्टिंग घुमतं आणि पाहुणे भरले की घुमत नाही, ते यामुळे.

आता एक गोमुखी खोली धरून चालू. दाराच्या बाजूची भिंत १० फूट, मागची १४ फूट, मधलं अंतर १२ फूट, उंची ९ फूट. सरासरी रुंदी १२, म्हणून जमीन १४४ चौरस फूट, घनफळ १,२९६ घनफूट. जमीन, छत आणि चारी भिंती मिळून पृष्ठभाग सुमारे ७२० चौरस फूट. सगळं गिलावा आणि टाइल, म्हणजे शंभरी तीनने शोषण २२. सूत्र असं: घनफळाला वीसने भागायचं, आलेल्या उत्तराला शोषणाने भागायचं, मिळतात सेकंद. १,२९६ भागिले २० म्हणजे ६५. पासष्ट भागिले २२, जवळजवळ ३ सेकंद. रिकाम्या खोलीत एक टाळी तीन सेकंद विरत राहणार. तीन बाय चारची खिडकी उघडली की शोषण ३४ होतं आणि वेळ दोन सेकंदांखाली येते. पण खिडकीतून रिक्षा आत येते.

बोलण्याच्या किंवा गाण्याच्या रेकॉर्डिंगला खोलीची ही आस साधारण ०.३ ते ०.४ सेकंद हवी. उलटा हिशेब करा: पासष्ट भागिले ०.३५ म्हणजे १८५. बावीस आहेत, एकशे साठ कमी पडतात. सहा बाय तीनची एक गादी साधारण चौदा. म्हणजे अकरा-बारा गाद्या! एवढ्या गाद्या लग्नघरातच निघायच्या. पण थांबा. गादी भिंतीला चिकटवून उभी केली तर तिची एकच बाजू कामाला येते. भिंतीपासून वीतभर तरी पुढे, दोरीवर किंवा कपडे वाळत घालायच्या स्टँडवर टांगली, तर आवाज मागूनही शिरतो आणि दोन्ही बाजू पितात. मग सहा-सात गाद्या-गोधड्या, एक जाड चुणीदार पडदा, खाली सतरंजी, खोलीत तुम्ही आणि पेटीवाली, एवढ्यात बरंचसं जमून जातं. लहान खोलीत हे गणित काटेकोर नसतं. भाजीत मीठ अंदाजाने घालतो आणि मग चव बघतो, तसं समजा.

खान्देशाचं नशीब इथे बघा. आवाज पिणाऱ्या वस्तूंत कापूस आघाडीवर, आणि तो आपल्या शिवारात. कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते. आवाज आत शिरला की ती हवा तंतूंना घासून हलते आणि घासण्यात आवाजाचा जोर संपतो; त्याची अगदी नगण्य उष्णता होते. म्हणून फुगलेली, जाड गादी चांगली. वर्षानुवर्षं दबून पापड झालेली गादी असेल तर आधी पिंजून घ्या. जळगावची दुसरी ओळख म्हणजे चटई, ती मात्र इथे कुचकामी. प्लॅस्टिकची विणलेली चटई दिसायला फरशीपेक्षा मऊ, पण आवाजाला जवळजवळ फरशीसारखीच. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवायचा सल्ला कुठेही ऐकायला मिळतो. ते अगदी वरच्या सुरांना किंचित थोपवतात, बस. थर्माकोल तर त्याहून निरुपयोगी, त्याची छिद्रं बंद असतात. शिवाय हे ट्रे, थर्माकोल आणि साधा फोम चटकन पेट घेतात. देव्हाऱ्याच्या दिव्याशेजारी किंवा जुन्या वायरिंगवर असलं काही लावू नका. कापूसही पेटतोच, तेव्हा बोर्डापासून गाद्या लांबच बऱ्या.

हे झालं घुमण्याचं. दुसरा त्रास याहून लबाड आहे आणि तिथे आकाराचा संबंध येतो.

पेटीवर एकेक पट्टी सारख्या जोराने दाबत जा. बहुतेक पट्ट्या सारख्या ऐकू येतील आणि मधेच एखादी पट्टी खोलीभर फुगेल. दोन पावलं सरकलात तर तीच पट्टी गायब. याचं कारण असं की समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाच्या काही लाटा अगदी बरोबर मावतात आणि तिथेच उभ्या राहतात, झोका योग्य वेळी ढकलल्यावर वाढत जावा तशा. आवाज सेकंदाला सुमारे १,१३० फूट जातो. भिंतींमधलं अंतर दुप्पट करून त्याने ११३० ला भागलं की पहिला त्रासदायक सूर मिळतो, आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट हे पुढचे. आपल्या खोलीची लांबी १२ फूट: सेकंदाला ४७ कंपनं, मग ९४, १४१, १८८, २३५. सरासरी रुंदीही १२, म्हणजे तेच आकडे पुन्हा. उंची ९: ६३, १२६, १८८. बघा, १८८ वर तिघंही एकत्र आले! पेटीवर हा सूर काळी तीनच्या जवळचा. आणि २३५ म्हणजे जवळजवळ काळी पाच, पुष्कळ बायकांचा षड्ज लागतो तिथे. गाणारी बिचारी आपलाच सूर जड झाला म्हणून गळ्याला दोष देत बसते.

भिंती तिरक्या असल्या की हा त्रास होत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते अर्धंच खरं आहे. दोन सपाट भिंती अगदी समोरासमोर असल्या की टाळीनंतर टर्रर्र असा जो आवाज येतो, तो तिरक्या भिंतींत मोडतो. गोमुखी खोलीचा एवढा फायदा नक्की. पण पुढची-मागची भिंत आणि जमीन-छत समांतरच राहतात, त्यांचं काय? खालचे उभे राहणारे सूर तर तिरकेपणाने नाहीसे होत नाहीत, फक्त जागा सोडून थोडे इकडे-तिकडे सरकतात. म्हणून वरचे आकडे अंदाजाचे. चौकोनी खोलीत सूत्र पुढे चालतं, वाकड्या खोलीत कान पुढे चालतो आणि सूत्र मागून येतं. पेटी घ्या, खोलीत हिंडा, फुगणारे सूर कागदावर लिहा. एक दुपार पुरते. एकटीने करू नका. एकीने पट्टी दाबायची, दुसरीने हिंडायचं.

या खालच्या सुरांना भिंतीवरची पातळ गोधडी काही करत नाही. १०० कंपनांच्या सुराची लाट दहा-अकरा फुटांची असते, तिला तीन इंचांची गोधडी म्हणजे हत्तीला पायपुसणं. तिचा जोर कोपऱ्यात साठतो. म्हणून कोपऱ्यात वळकट्या उभ्या करायच्या, जमिनीपासून जेवढ्या उंच जातील तेवढ्या, जाडजूड. वाकड्या खोलीत कोपरे जास्त, म्हणजे वळकट्यांना जागाही जास्त. मोरीसाठी कापलेला कोपरा, जिन्याखालचा कोनाडा, एल आकाराच्या खोलीचं आखूड टोक, या जागांत घरातलं सगळं जास्तीचं अंथरूण-पांघरूण रचून ठेवा. कपड्यांनी भरलेलं लाकडी फडताळ उघडं ठेवलं तरी उपयोगी. लोखंडी कपाट मात्र खणखणतं, त्याला बाहेर काढा. गोल भिंत असेल तर तिच्यासमोर माइक ठेवू नका. गोलावा आवाज गोळा करून एका जागी टाकतो. विजापूरच्या गोलघुमटात कुजबुज भिंतीभिंतीने कशी फिरते याचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला केला होता. आपल्याला घरात गोलघुमट नकोय.

बसायचं कुठे? खोलीच्या अगदी मधोमध नाही, कोपऱ्यात नाही. अरुंद भिंतीपासून लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर बसून बघा आणि तिथून फूटभर पुढेमागे सरका. गादी लावताना सगळ्याजणी ती माइकच्या मागे लावतात. आपण वापरतो ते बहुतेक गाण्याचे माइक समोरूनच ऐकतात, म्हणजे त्यांना दिसते तुमची पाठ आणि पाठीमागची भिंत. तेव्हा पहिली जाड गादी तुमच्या पाठीमागे, दुसरी डोक्यावर छताखाली. माइक तोंडापासून वीतभर. अंतर निम्मं केलं की खोलीच्या मानाने तुमच्या आवाजाचा जोर चौपट होतो, आणि याला एक पैसा लागत नाही.

एक गैरसमज राहतो. एवढं सगळं केल्यावर बाहेरचा हॉर्न आत यायचा थांबेल असं समजू नका. गोधडी आतलं घुमणं पिते, बाहेरचा गोंगाट अडवत नाही. त्याला वजनदार भिंत आणि फट नसलेलं दार लागतं. आकाशवाणीच्या स्टुडिओला दोन-दोन दारं असतात ती त्यासाठी. आपण वेळ निवडायची. पहाटे चार-पाचची. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसायच्या तीच.

आणि उन्हाळा! पंखा आणि कूलर बंद केल्याशिवाय रेकॉर्डिंग होत नाही. कूलरची घरघर माइकला पहिली ऐकू येते आणि पंख्याची पाती आवाजाचे तुकडे करतात. पंचेचाळीस अंशांत, सात गाद्यांमध्ये, पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते खान्देशातल्या बाईला सांगायला नको. एकेक कडवं घ्या, मधे पंखा लावा. (हवा तापली की आवाज जलद जातो, पंचेचाळीस अंशांना सेकंदाला ३५८ मीटर, वीस अंशांना ३४३. त्यामुळे हिवाळ्यात शोधलेला फुगणारा सूर मे महिन्यात थोडा वर चढतो, पण पेटीच्या शेजारच्या पट्टीपर्यंतही पोचत नाही. वळकट्या हलवायचं कारण नाही.)

इतका खटाटोप कशासाठी, असं घरात कुणीतरी विचारेलच. गाण्याचा व्हिडिओ चालला तर चार पैसे मिळतात, हे एक उत्तर आहे आणि ते वाईट नाही. दुसरं उत्तर माझ्या मनात जास्त आहे. आपल्याकडे कानबाईच्या रात्री जी गाणी होतात, आखाजीला झोक्यावर जी म्हटली जातात, धुळ्याकडची अहिराणीत, यावल-रावेरकडची लेवागणबोलीत, ती पाठ असणाऱ्या बायका आता सत्तरीच्या-ऐंशीच्या पुढे आहेत. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. सोपानदेवांनी आणि मावसभाऊ पितांबर चौधरींनी ऐकून टिपून ठेवलं म्हणून १९५२ मध्ये पुस्तक झालं आणि आपल्या हाती शब्द तरी आले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावी बायकांच्या घरी जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी मूळ आवाजात आहेत आणि २०१७ पासून ‘परी’ या संस्थेमार्फत लोकांसमोर येतात. त्या ऐकताना कळतं की चाल, दम घ्यायची जागा, मधेच हसणं, हे कागदावर उतरत नाही.

शब्द चुकला तर पुन्हा विचारता येतो. रेकॉर्डिंगमध्ये मिसळलेली खोली मात्र नंतर पुरती काढता येत नाही, कितीही महाग सॉफ्टवेअर असो. आणि आजीकडे प्रत्येक वेळी पुढचं वर्ष असेलच असं नाही.

म्हणून आजीला टाइल लावलेल्या स्वयंपाकघरात बसवू नका. अंथरुणांच्या खोलीत, तिच्या नेहमीच्या जागी बसवा, पाठीमागे दोन गोधड्या टांगा, खाली गादी घाला. माइक नसेल तर मोबाइल विमान मोडवर टाकून, घडी केलेल्या टॉवेलवर, तिच्यापासून वीतभर अंतरावर ठेवा. बांगड्या वाजल्या तर वाजू द्या. ती चाल विसरली, पुन्हा मागून सुरू केली, तरी थांबवू नका. सुरुवातीला अर्धं मिनिट कुणी न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करा. पुढे कुणाला घरघर कमी करायची झाली तर तो तुकडा कामाला येतो. मग तिला तिचं नाव, सासर, माहेर आणि गाणं कुठल्या सणाचं ते तिच्याच तोंडून सांगायला सांगा. फाइलला मोबाइल स्वतःहून आकड्यांचं नाव देतो, ते त्याच दिवशी बदला, तारीख घाला आणि एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा.